थांबून बघू

दादाच्या टाचेवरचा काळा डाग सगळ्यात आधी वहिनीला दिसला, आणि तो ग्रीसचा समजून तिने त्याला पाय घासायचा दगड आणून दिला. दादा लिफ्ट मेकॅनिक. नखांत, कोपरांवर, कानामागे, कुठे ना कुठे त्याला ग्रीस लागलेलं असायचंच. चादरींवरून त्या नवराबायकोची निम्मी भांडणं व्हायची. दगडाने डाग निघाला नाही. मग दादा म्हणाला, कुठेतरी ठेच लागून रक्त साकळलं असेल. पण साकळलेलं रक्त हळूहळू विरून जातं. हे विरलं नाही, उलट एका कडेने पसरल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा कुठे वहिनीने नणंदेला फोन केला.

"चिमे, तू जरा येऊन बघ. हे काही डॉक्टरचं नाव काढत नाहीत. तुझं ऐकतील."

चिमी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकलेली, एका मोठ्या संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा असलेली, परिषदांमध्ये लोक जिचं भाषण जागा नसली तर मागे उभं राहून ऐकतात अशी बाई. पण त्या घरात ती चिमीच. तिच्या नावामागे डॉक्टर लागायचं, ते मात्र औषध देणाऱ्यांतलं नव्हतं. "मी उंदरांची डॉक्टर आहे, माणसांची नाही," असं ती पुन्हा पुन्हा सांगायची. घरात ते कुणी मनावर घेत नसे. कुणाला पडसं झालं तरी पहिला फोन तिलाच.

तिने दादाची टाच मांडीवर घेतली, खिडकीकडे वळवून पाहिली, आणि लगेच खाली ठेवली.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "आत्ता निघायचं."

"अगं, चहा तरी घेऊ दे."

"नंतर घे."

डाग कॅन्सरचा निघाला. कातडीचा, आणि तोही वाईट जातीचा. टाचेचा तुकडा काढला, जांघेतल्या गाठी काढल्या. त्यांतल्या एकीत रोग पोचलेला होता. दादा काठी घेऊन चालायला लागला आणि लवकरच काठी टाकून कामावर गेला. टाच गेली म्हणून लिफ्ट थोड्याच थांबणार आहेत, असं त्याचं म्हणणं.

खरा प्रश्न पुढे होता, आणि तो पायाचा नव्हता, पोटाचा होता.

दादा विशीच्या आत असताना त्याला आतड्याचा दाह झाला होता. स्वतःच्याच पांढऱ्या पेशी स्वतःच्याच आतड्यावर उठतात, असा तो आजार. त्या वर्षी घरात हसणं बंद झालं होतं. दादा दिवसातून किती वेळा संडासात जाऊन यायचा याची गणती राहिली नव्हती, आणि दर वेळी रक्त. उंचापुरा मुलगा वाळून चिपाड झाला. चिमी तेव्हा शाळेत होती. आईने तिला एक काम लावून दिलं होतं. दादा आत गेला की दाराबाहेर जमिनीवर बसायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. "त्याचा आवाज यायचा थांबला, की मला हाक मार," एवढंच आई म्हणाली होती. का, ते सांगितलं नव्हतं. पण चिमीला कळलं होतं. ती दाराला पाठ लावून भूगोलाचं पुस्तक मोठ्याने वाचायची. मध्येच थांबून विचारायची, "दादा, सगळ्यात मोठं वाळवंट कुठलं?" आतून अगदी बारीक आवाजात चुकीचं उत्तर यायचं. दादा मुद्दाम चुकीचं सांगायचा, म्हणजे तिला त्याला सुधारता येईल आणि बोलणं लांबेल. एकदा उत्तर आलंच नाही. दार फोडावं लागलं.

त्यातून तो वाचला. औषधांनी, नशिबाने, आईच्या जागरणांनी. पुढे आजार दबला आणि दबलेलाच राहिला. दादा तो विसरलासुद्धा. चिमी विसरली नाही. पुढे शिकताना कुठला विषय घेणार असं सगळे विचारत असताना तिने तो कधीच निवडून ठेवला होता.

आपल्या अंगात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. त्यांना नियामक पेशी म्हणतात. दाह पेटला की या आवरायला धावतात. पण चिमीला दिसलं ते असं, की पेटलेल्या आतड्यात त्या पोचतात खऱ्या, टिकत मात्र नाहीत. लढणाऱ्या पेशी तिथलं सगळं पोषण ओढून घेतात आणि आवरायला आलेल्या उपाशी मरतात. म्हणून आग विझत नाही. पुढे कॅन्सरवर काम करणाऱ्यांनी त्याच पेशी गाठींमध्ये पाहिल्या, तर तिथे नेमकं उलटं. गाठीत त्या मरत नव्हत्या. खाऊनपिऊन सुखात होत्या, आणि गाठीवर चालून येणाऱ्या पेशींनाच आवरून धरत होत्या. जिथे त्या हव्यात तिथे मरतात आणि जिथे नकोत तिथे जगतात. हे असं का, त्यांना मरणापासून राखणारं प्रथिन एका जागी भरपूर आणि दुसऱ्या जागी नाहीसं का होतं, यात चिमीची सगळी हयात गेली होती. तिने दादाला हे समजावून सांगितलं तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुझी ही शांतता कमिटी. दंगल असते तिथे मार खाते, आणि चोराच्या घरी पाहुणचार झोडते." तेव्हापासून घरात त्या पेशींचं नाव शांतता कमिटीच पडलं.

टाचेची जखम भरल्यावर कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना बोलावलं. दादा, वहिनी आणि चिमी. बाई शांत होत्या आणि काहीही गुळमुळीत बोलत नव्हत्या.

"ऑपरेशन चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "पण रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. एखादी पेशी पुढे निसटलीही असेल. म्हणून वर्षभर इम्युनोथेरपी द्यावी असं माझं मत आहे. लढणाऱ्या पेशींवरचा ब्रेक सोडणारं औषध. तुमच्या जुन्या आतड्याच्या आजारामुळे त्यात धोका आहे, तो मी लपवत नाही. अशा काही जणांचं पोट पुन्हा पेटतं. निम्म्याहून कमी जणांचं. आणि पेटलं तरी बहुतेक वेळा आम्हाला आवरता येतं."

"आणि ज्यांचं आवरत नाही?" चिमीने विचारलं.

"त्यांचं आतडं काढावं लागतं. क्वचित एखादा दगावतोही."

"आणि औषध न घेता थांबून बघितलं तर?"

"दर थोड्या महिन्यांनी स्कॅन करत राहायचं. काही लोक थांबतात. पण मी थांबले नसते."

चिमीने आणखी पुष्कळ विचारलं. कुठल्या देशातले रोगी, किती काळ पाहिले, टाचेवरच्या जातीला हे औषध कितपत लागू पडतं. बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. टाचेवरचा हा प्रकार औषधाला जरा कमीच दाद देतो, हेही मान्य केलं. चिमीने तेवढंच धरून ठेवलं. वहिनी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती. दादा भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होता. तो खडखडत होता.

दोन दिवसांनी संध्याकाळी तिघं दादाच्या स्वयंपाकघरात बसले. वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आमच्या लिफ्टच्या ब्रेकचं कसं असतं माहितेय?" दादा म्हणाला. "लोकांना वाटतं ब्रेक विजेवर लागतो. तसं नसतं. स्प्रिंगने तो कायम लागलेलाच असतो. वीज असेपर्यंत सुटलेला राहतो, वीज गेली की आपोआप आवळतो. म्हणजे काहीही बिघडलं तरी लिफ्ट जागेवर. तुमच्या या औषधात ब्रेक सोडला की पुन्हा लावायची सोय आहे का?"

"पक्की नाही," चिमी म्हणाली. "स्टेरॉइड देतात, आणखी काही देतात. पण एकदा पेटलं की तुझ्यासारख्याच्या पोटात आवरणाऱ्या पेशी टिकायच्या नाहीत. मी आयुष्यभर तेच बघत आलेय, दादा. त्या सगळ्यात आधी मरतील."

"मग तुझं काय म्हणणं?"

"थांबून बघू. स्कॅन वेळेवर करू. काही दिसलं तर औषध आहेच की."

दादाने मान हलवली. मग अगदी साध्या आवाजात त्याने विचारलं, "चिमे, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

चिमीला उत्तर ठाऊक होतं. बाईंच्या खोलीतच तिने ते स्वतःशी देऊन टाकलं होतं. स्वतःवर वेळ आली असती, तर तिने दुसऱ्या दिवशी जाऊन हात पुढे केला असता. आतडं गेलं तर गेलं. पण तिचं आतडं जाणं वेगळं आणि दादाचं वेगळं. दादाचं म्हटलं की तिला ते दार दिसायचं आणि आतला न येणारा आवाज.

"थांबले असते," ती म्हणाली.

"झालं तर मग," दादा म्हणाला. "घरात एवढी शिकलेली बहीण असून मी बाहेरच्याचं कशाला ऐकू?"

वहिनीने घडी घातलेला शर्ट उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

पुढचे महिने चांगले गेले. आता तेच आठवायला जास्त जड जातं. पहिला स्कॅन स्वच्छ आला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दादा टाचेत जाड गादीचा बूट घालून कामावर जायचा, जिने चढून गच्चीवरच्या मोटर रूममध्ये पोचायचा, नव्या पोरांना शिव्या घालत शिकवायचा. पोट एकदम शांत. चिमीला मनातून बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा. बाईंना जे दिसलं नव्हतं ते आपल्याला दिसलं, असं तिला वाटत होतं. संस्थेत कुणी विचारलं तर ती सांगायची, "भाऊ ठीक आहे. आम्ही थांबायचं ठरवलं." त्या 'आम्ही'त दादा किती होता आणि वहिनी किती, हे तिने तेव्हा तपासलं नाही.

मग जिना चढताना दादाला खोकला यायला लागला. त्याने तो मोटर रूममधल्या धुळीवर ढकलला. पुढच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते.

डॉक्टरीणबाईंनी जुन्या गोष्टीचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. "आता मात्र सुरू करू या," एवढंच म्हणाल्या. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं चिमीला वाटलं. आता औषधही एक नव्हतं, दोन होती. त्यांतलं दुसरं तर त्या आवरणाऱ्या पेशींवरच जाऊन बसतं आणि त्यांना मारायला मदत करतं, असं पुष्कळांच्या कामातून दिसलं होतं. चिमीच्याही. आपल्याच भावाच्या शिरेत ते थेंबथेंब जाताना ती शेजारच्या खुर्चीत बसून होती.

"तुझ्या कमिटीच्या घरावर बुलडोझर चाललाय ना?" दादाने विचारलं.

"हं."

"तू काही मनाला लावून घेऊ नकोस."

त्यानंतर ती रोज सकाळी फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला. दादा वैतागायचा. "लोक सकाळी उठून नमस्कार-चमत्कार करतात. ही बाई विचारते, किती वेळा गेलास. अगं, एकदा. काल एकदा, आज एकदा. लिहून पाठवू का?" ती फोन ठेवायची आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. पोट पेटणार याची तिला इतकी खात्री होती, की पोटाच्या डॉक्टरांशी तिने आधीच बोलून ठेवलं होतं.

पोट पेटलं नाही. दुसरा डोस झाला, तिसरा झाला. हातांना थोडी खाज सुटली, थकवा आला, तोंडाची चव गेली. पोट जसंच्या तसं. बाईंनी खात्रीसाठी आतून दुर्बीण घालून पाहिलं आणि तुकडे तपासायला पाठवले. आतडं निरोगी माणसासारखं होतं. आणि फुप्फुसांतले ठिपके लहान झाले होते.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना वहिनी रडली. दादा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अगं, चांगली बातमी आहे." वहिनी म्हणाली, "म्हणूनच." तेव्हा तिने चिमीकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. चिमीला ती नजर समजली. औषध लागू पडत होतं. पोटाला ते झेपत होतं. हेच आधी सुरू केलं असतं तर?

फुप्फुसांतले ठिपके दोन स्कॅनपर्यंत लहान राहिले. मग यकृतात नवे आले, आणि यकृतातल्यांनी कशालाच दाद दिली नाही. पुढे दादाच्या हातातून वस्तू निसटायला लागल्या. ज्या माणसाने लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये एका हाताने स्क्रू फिरवले होते, त्याला शर्टाचं बटण लागेना. डोक्यातही पोचल्याचं निघालं.

शेवटच्या आठवड्यांत चिमी रोज जायची. त्याला खरं सांगायचं असं ठरवून निघायची. मी खोटं बोलले होते, दादा. मी घेतलं असतं. मला फक्त तुझी भीती वाटली. पण दादा तिला बघून कष्टाने हसायचा आणि ती उशी सरळ करायची, पाणी द्यायची, खिडकी उघडायची. एका दुपारी तो तिला म्हणाला, "पोट अजून फर्स्ट क्लास आहे बघ. तुझी कमिटी कामाची निघाली." तिला बरं वाटावं म्हणूनच तो म्हणाला. ती हसली. त्यानंतर सांगणं शक्यच नव्हतं.

दादा गेला तेव्हा भर दुपार होती. खाली रस्त्यावर शाळा सुटलेली मुलं आरडाओरडा करत होती. वहिनी त्याचा हात धरून बसली होती. चिमी दारात उभी होती, कारण दोन खुर्च्या मावायला जागा नव्हती.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दादाने आधीच सांगून ठेवलं होतं, की माझ्या पोटातलं, गाठीतलं जे काही तुमच्याकडे असेल ते माझ्या बहिणीच्या प्रयोगशाळेला द्या, तिच्या कामाला येईल. चिमीने तीन वेळा नको म्हणायचं ठरवलं आणि शेवटी हो म्हणाली.

स्लाइड्स तिने स्वतः पाहिल्या, कुणाला हात लावू दिला नाही. नियामक पेशी लाल दिसतील असा रंग दिलेला होता. औषध चालू असताना काढलेला आतड्याचा तुकडा आधी घेतला. लाल ठिपके होते. पुष्कळ होते, आणि जिवंत होते. जे सगळ्यात आधी मरतील असं तिने त्या स्वयंपाकघरात छातीठोकपणे सांगितलं होतं, ते आतड्याच्या घड्यांत जागोजागी निवांत बसलेले होते. औषध त्यांना शिवलंही नव्हतं. मग तिने यकृतातल्या गाठीचा तुकडा पाहिला. तिथेही होते. तिथे तर गर्दी होती.

का, ते तिला कळलं नाही. औषध तिथवर पोचलं नाही, की दादाच्या पेशींमध्ये ते राखणारं प्रथिन जास्त होतं, की इतकी वर्षं शांत राहिलेल्या आतड्याने आपली काही वेगळी व्यवस्था लावून घेतली होती. चौकशी करायला पुढे वर्षं लागतील. तिच्या शेजारच्या प्रयोगशाळेतले जुने सहकारी, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, ते तिच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"याचा अर्थ उघड आहे," ते म्हणाले. "याच्या गाठीत या पेशी हलल्याच नाहीत. आधी दिलं असतं तरी हलल्या नसत्या. तू उगाच मनाला टोचणी लावून घेऊ नकोस."

"फुप्फुसातल्या गाठी लहान झाल्या होत्या."

"काही काळ."

"तेव्हा त्या दिसण्याइतक्या मोठ्या झाल्या होत्या. आधी दिलं असतं तर रोगाची एखाददुसरी पेशीच असती, आजोबा."

आजोबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

हेच तर होतं. तिला दोष देणारं कुणी नव्हतं आणि सोडवणारंही कुणी नव्हतं. आयुष्यभर तिने लोकांना सांगितलं होतं, एका प्राण्यावरून निष्कर्ष काढू नका. आता तिच्याकडे एकच माणूस होता.

त्याच आठवड्यात ती वहिनीकडे गेली. वहिनी दादाचे कामाचे कपडे पिशवीत भरत होती. कंपनीचे होते, परत द्यायचे होते. चिमी तिच्यासमोर खाली बसली आणि सांगून टाकलं. स्लाइड्सचं सांगितलं. मग त्या संध्याकाळचं.

"त्याने मला विचारलं होतं, तू काय केलं असतंस. मी म्हटलं थांबले असते. ते खोटं होतं, वहिनी. मी औषध घेतलं असतं."

वहिनीचे हात थांबले.

"मग त्यांना का नाही घेऊ दिलंस?"

"भीती वाटली. मी लहानपणी त्याला—"

"ते मला माहितेय. हजारदा ऐकलंय त्यांच्या तोंडून." वहिनीचा आवाज चढला नव्हता. "पण मग भीती वाटते असं म्हणायचं होतंस. भीती तर मलाही वाटत होती. दोन भित्र्या बायका मिळून काहीतरी ठरवलं असतं. तू पेशींचं सांगितलंस. पेशींपुढे मी काय बोलणार?"

चिमीने पिशवीबाहेर लोंबणारी एक बाही आत सारली.

"मला वाटत होतं, घ्यावं," वहिनी म्हणाली. "त्या बाई म्हणाल्या ना, मी थांबले नसते, तेव्हाच मला वाटलं होतं. घड्या घालत बसले होते आणि जिभेवर आलं होतं. म्हटलं, आपल्याला काय कळतं? ही एवढी शिकलेली, सख्खी बहीण, ही काय वाईट सांगणार आहे? एकदा तोंड उघडलं असतं तर ते ऐकलेही असते माझं. कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. आता कुणावर रागवू? तुझ्यावर रागवते तर माझा मलाच राग येतो."

"माझ्यावर रागव."

"तुझ्यावर आहेच." वहिनीने पिशवीचं तोंड बांधलं. "तू आता जा, चिमे. काही दिवस येऊ नकोस. मी बोलवेन."

ते काही दिवस लांबले. चिमी कामावर जात राहिली. दादाच्या पेशींवर काम करायला तिच्या प्रयोगशाळेतली दोन मुलं उत्सुक होती. तिने त्यांना परवानगी दिली, पण स्वतः त्या बैठकांना बसली नाही. संस्थेतला एक हिशेबनीस एकदा दबकत तिच्या खोलीत आला. त्याच्या आईला सांधेदुखीचा जुना आजार होता, तोही स्वतःच्याच पेशी उलटण्याचा, आणि आता मूत्रपिंडात गाठ निघाली होती. तेच ब्रेक सोडणारं औषध घ्यावं का? पूर्वी तिने फळ्यावर आकृती काढून दिली असती. आता तिने त्याला बसवलं आणि म्हणाली, "मी याबद्दल पुष्कळ वाचलंय आणि मी घाबरटही आहे. मी बोलते तेव्हा त्यातलं कोण बोलतंय ते मलाच कळत नाही. तुमचे डॉक्टर काय म्हणतात? आणि आईला काय वाटतं?" तो माणूस निराश होऊन गेला. त्याला उत्तर हवं होतं. तिला त्याच्यामागे धावून काहीतरी सांगावंसं वाटलं; कसंबसं ती खुर्चीत बसून राहिली.

वहिनीचा फोन आला तो गीझर बिघडला म्हणून.

"तुझ्या ओळखीचा कुणी आहे का? मला कुणी माहीतच नाही," ती म्हणाली. खरंच होतं ते. त्या घरात आजवर दुरुस्तीला बाहेरचा माणूस कधी आला नव्हता.

चिमी इलेक्ट्रिशियनला घेऊन गेली. त्याने स्टुलावर चढून झाकण काढलं, आत पाहिलं. "जुनं मशीन आहे," तो म्हणाला. "पण जोडकाम फार नीट केलंय कुणी. कॉइल गेलीय. बदलून देतो, वर्षभर चालेल. नाहीतर नवाच घ्या, पुन्हा कटकट नको."

वहिनी दारात उभी होती. तिने चिमीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

चिमीला वाटत होतं, नवा घ्यावा. जुन्यात पाणी झिरपण्याचा धोका असतो, शॉक बसू शकतो, वहिनी घरात एकटी. तिच्या डोक्यात ते सगळं एका क्षणात ओळीने उभं राहिलं.

"मला जुन्याची भीती वाटते," ती म्हणाली. "पण मला गीझरमधलं काही कळत नाही. तुला काय वाटतं?"

वहिनी थोडा वेळ त्या उघड्या यंत्राकडे बघत राहिली. एका वायरीला दादाने निळी पट्टी गुंडाळलेली होती.

"कॉइल बदला," ती इलेक्ट्रिशियनला म्हणाली. मग चिमीकडे न बघता, "आणि तू उभी काय राहिलीस? बस आत. याला वेळ लागेल."